दामोदरचं पान

मांजराच्या खाण्याच्या पाकिटावर, मागच्या बाजूला अगदी तळाशी, एक कोष्टक छापलेलं असतं. डावीकडे मांजराचं वजन, उजवीकडे ग्रॅम. तीन किलोच्या मांजराला इतकं, पाच किलोच्या मांजराला तितकं. आकडे असे ठाम, की वाटावं हा प्रश्न माणसानं केव्हाच सोडवून टाकला आहे. पण कोष्टकाच्या पायाशी, चष्मा कपाळावर सरकवून वाचावी लागते अशा अक्षरांत, एक ओळ असते: प्रत्येक मांजर वेगळं असतं, तेव्हा आपल्या मांजराकडे पाहून हे प्रमाण कमी-जास्त करावं. छत्तीसपैकी गुण मोजून, नाडी, गण, ग्रहमैत्री सगळं तपासून झाल्यावर पत्रिकेची घडी घालता घालता गुरुजींनी 'बाकी मुलामुलीची पसंती' म्हणावं, तसं हे. मला ती ओळ फार आवडते. अख्ख्या पाकिटावर खरं बोलणारी तेवढीच एक आहे.

आमचा दामोदर राखाडी पट्ट्यांचा बोका आहे आणि तो मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुकला, आमच्या घरात वाढला. प्राण्यांच्या निवाऱ्यातून आला तेव्हा त्याचं नाव काही वेगळंच होतं. पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ कॉल चालू असताना माझ्या मागे टेबलावर चढून तो टोस्टावरचं लोणी चाटत होता, ते रत्नागिरीहून आईनं पाहिलं, आणि लोण्यापायी उखळाला बांधल्या गेलेल्या त्या गोकुळातल्या पोराचं नाव तिनं तिथल्या तिथं ठेवून टाकलं. इथं मांजर पाळणं हा खासगी मामला नसतो. दामोदरच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे, नगरपालिकेत त्याची नोंद आहे, आणि तिचं दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करावं लागतं. त्यामुळे वर्षातून एकदा त्याच्या नावानं पत्र येतं. ते आम्ही त्याच्यासमोर ठेवतो. तो त्यावर बसतो.

प्रश्न सुरू झाला तो प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बरगड्या चाचपल्या तेव्हा. मांजराच्या अंगकाठीला नऊपैकी गुण देतात. पाच म्हणजे उत्तम. बरगडी बोटांना सहज लागली पाहिजे, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. बाईंनी डोळे अर्धवट मिटून, वीणेच्या तारा तपासाव्यात तशी बोटं फिरवली आणि सात गुण दिले. नऊपैकी सात ऐकून आम्ही दोघंही क्षणभर खूश झालो होतो. मराठी घरात गुणपत्रिका वाचायची सवय जाता जात नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. ओलं वाढवा, सुकं कमी करा, आणि मोजून द्या. किती, ते मात्र पाकिटावर पाहा म्हणाल्या. पाकिटावर काय लिहिलेलं असतं ते वर सांगितलंच आहे.

माझा नवरा असल्या आव्हानाची वाट पाहत जगतो. त्यानं एक्सेलची नवी फाइल उघडली. हिशेब असा: मांजराचं वजन किलोत घ्यायचं, त्याचा पाऊण घात काढायचा, त्याला सत्तरनं गुणायचं, म्हणजे मांजर नुसतं पडून राहिलं तर लागणारी ऊर्जा मिळते. नसबंदी झालेल्या घरबशा मांजरासाठी ती आणखी १.२ नं गुणायची. दामोदरचं वजन साडेचार किलो असायला हवं, त्या हिशेबानं त्याला दिवसाला सुमारे २६० किलोकॅलरी पुरेत. एका उंदरात साधारण ३० असतात. म्हणजे निसर्गानं दामोदरच्या पानात दिवसाकाठी आठ-नऊ उंदीर वाढून ठेवले आहेत, तेही एकदम नव्हेत, थोडे थोडे, दिवसरात्र मिळून. ज्यानं आयुष्यात एकही उंदीर पाहिलेला नाही, आणि जो गॅरेजमधल्या कोळ्याला वळसा घालून जातो, त्याच्यासाठी आम्ही बैठकीच्या खोलीत बसून नवव्या उंदराचं काय करायचं याची चर्चा करत होतो.

सुक्या दाण्यांच्या चाळीस ग्रॅमांत १४५ च्या आसपास किलोकॅलरी येतात. ओल्या खाण्याच्या ८५ ग्रॅमच्या पाउचमध्ये ७५ धरा. मग उरलेल्या भुकेला एक पाउच कमी पडतो आणि दोन जास्त होतात. हवा असतो दीड. जगातल्या सगळ्या मांजरांच्या संसारात हा अर्धा पाउच कुठेतरी उभा असतो. आमच्याकडे तो वाटीवर बशी झाकून फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी, काहीसा संकोचून बसतो. संध्याकाळी तो बाहेर काढला, की दामोदर वास घेतो आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहतो, की पाहुण्याला शिळं वाढल्याची लाज वाटावी. त्याचंही चुकत नाही. मांजराला अन्न आवडतं ते ताज्या शिकारीच्या अंगाइतकं कोमट. म्हणून मग त्यात दोन चमचे गरम पाणी घालायचं, काट्यानं कालवायचं, करंगळीनं ऊब पाहायची. बाळाचं दूध मनगटावर थेंब टाकून पाहतात, तो हात माझ्यात कुठेतरी शिल्लक होता. लेक विद्यापीठात गेल्यावर त्याला काम उरलं नव्हतं.

ओलं की सुकं, या वादात पडलेल्या माणसांचे दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांच्या घरी पाणी पीत नसावेत. तमिळ मुलखातल्या श्रीवैष्णवांत असाच एक जुना वाद आहे. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं, मांजराचं पिल्लू मात्र स्वतःला सैल सोडून देतं आणि आई त्याला मानगुटीला धरून नेते. तर भक्तानं देवाला धरायचं की देवानं भक्ताला उचलायचं? वडकलै मर्कटन्यायाचे, तेनकलै मार्जारन्यायाचे, आणि कपाळावरच्या गंधावरूनच ओळखू येतात. ओल्याच्या आणि सुक्याच्या पंथांनी अजून गंध ठरवलेलं नाही, एवढाच फरक.

ओल्याच्या पंथाचं म्हणणं पाण्यावर उभं आहे. पाळीव मांजराचा पूर्वज वाळवंटातला, आफ्रिका नि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखात राहणारं रानमांजर. त्याला पाणी मिळायचं ते भक्ष्याच्या अंगातूनच. त्यामुळे त्याच्या मूत्रपिंडांना थेंबाथेंबाची काटकसर शिकावी लागली, आणि तहान नावाची गोष्ट त्याच्या स्वभावात फारशी रुजलीच नाही. ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी, सुक्यात दहा टक्क्यांच्या आत. सुकंच खाणारं मांजर वाटीतलं पाणी जास्त पितं खरं, पण ती तूट पुरती भरून काढत नाही. आणि बोक्यांचा लघवीचा मार्ग मुळातच अरुंद, तो तुंबला तर जिवावर बेतू शकतं. सुक्याच्या पंथाचं म्हणणं अधिक संसारी आहे. दाणे स्वस्त पडतात, दिवसभर बाहेर राहतात, मेलबर्नच्या चाळीस अंशांच्या दुपारी आंबत नाहीत. आणि मांजराला रात्रंदिवस मिळून दहा-वीस वेळा टोचे मारायची सवय असते, ती दाण्यांवर छान भागते. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. बहुतेक डॉक्टर दोन्ही द्या म्हणतात, आणि मग आपण पुन्हा त्या दीड पाउचपाशी येतो.

माझं आजोळ हर्णैचं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चाले, त्या हर्णैचं. आजीच्या मागीलदारी मांजरं किती होती ते कुणी मोजलं नव्हतं, मग त्यांचं खाणं कोण मोजणार? पण ओल्यासुक्याचा हिशेब तिथंही होता, फक्त तो समुद्र ठेवत असे. होड्या जात असत तोवर बांगड्याची डोकी, कोलंबीची सालं, पेडव्याची आतडी. आजी विळीवर बसली, की तिच्याभोवती शेपट्यांचं कुंपण उभं राही. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या, की घरातली माणसं सुक्या बोंबलावर नि सुकटीवर येत, आणि मांजरंही. सुकट भाजल्याचा वास पत्र्यावरच्या पावसात मिसळला, की वळचणीखालून एकेक भिजलेलं ध्यान आत येई. आषाढात त्यांच्या बरगड्या दुरून मोजता येत, चाचपाव्या लागत नसत. नारळी पौर्णिमा झाली, पहिली होडी आली, की दिवाळीपर्यंत तीच मांजरं ओळखू येईनाशी होत. नऊपैकी तीनपासून नऊपैकी सातपर्यंतची ती सगळी वाटचाल पंचांगानुसार व्हायची. त्यातली किती पुढचा आषाढ पाहत, हा प्रश्न मात्र लहानपणी मला पडला नाही, आणि आजीनंही तो आमच्यासमोर कधी येऊ दिला नाही.

ऑस्ट्रेलियात मांजराचं पान वाढताना भूगोल आडवा येतो. १७८८ च्या पहिल्या गोऱ्या वसाहतीबरोबर मांजरं इथं आली, आणि या खंडातल्या लहानग्या प्राण्यापक्ष्यांना असला पाहुणा ठाऊकच नव्हता; कितीतरी जाती त्यांनी संपवल्या. म्हणून आता अनेक ठिकाणी मांजरांना रात्री, काही ठिकाणी अष्टौप्रहर, संचारबंदी आहे. राजधानी कॅनबेऱ्यात तर १ जुलै २०२२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मांजरानं आवाराबाहेर हिंडायचंच नाही, असा कायदा आहे. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा आपल्याकडे उंदरांच्या सभेत लोंबकळत राहिलेला ठराव इथल्या माणसांनी पक्ष्यांच्या वतीनं केव्हाच पास केला. दुकानात घंटीसकट पट्टे मिळतात. दामोदर खिडकीत बसतो, समोरच्या तारेवर मॅगपाय बसतो, आणि दोघंही एकमेकांना फक्त दुरूनच ओळखतात. शिकार गेली, भटकणं गेलं, प्रेमप्रकरणांचा बंदोबस्त निवाऱ्यानं आधीच केलेला. राहता राहिली ती वाटी. माणसाच्या निवृत्तीतही जेवणाच्या वेळेला असाच मोठेपणा येतो.

त्या वाटीत काय घालायचं, ते ठरवायला सुपरमार्केटात एक अख्खी गल्ली असते. ट्यूना, सार्डिन, कोंबडी, ससा. आणि शीतकपाटात, पाळीव प्राण्यांसाठी म्हणून, कांगारूचा खिमा. या देशाच्या राजमुद्रेवर ढाल धरून उभा असलेला प्राणी घरच्या बोक्याच्या वाटीत पडतो, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पहिल्यांदा तो खिमा हातात घेतला, तेव्हा शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तसे माझे पाय आपोआप जुळले होते. मग पाकिटावरचं बारीक वाचलं. असल्या काही मांसात टिकाऊपणासाठी सल्फाइट घालतात, त्यानं थायमिन नावाचं जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि थायमिनवाचून मांजराचा मेंदू बिघडतो. राजमुद्रा परत कपाटात ठेवली.

या देशाचा सगळ्यात प्रसिद्ध बोका मात्र कसल्याही कोष्टकाविना जेवला. त्याचं नाव ट्रिम. १७९९ साली केप ऑफ गुड होपहून सिडनीकडे निघालेल्या 'रिलायन्स' जहाजावर, भर समुद्रात त्याचा जन्म झाला. काळा, पंजे पांढरे, छातीवर पांढरा ठिपका. दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सनं १८०२-०३ मध्ये ऑस्ट्रेलियाला समुद्रमार्गे प्रदक्षिणा घातली, तेव्हा ट्रिम बरोबर होता. आम्ही पॉइंट कुकची माणसं विल्यम्स लँडिंगला लोकल पकडून ज्या भल्यामोठ्या स्टेशनवर उतरतो, ते याच फ्लिंडर्सच्या नावाच्या रस्त्यावर आहे. फ्लिंडर्सनं ट्रिमवर जो मृत्युलेख लिहिला, त्यात त्याच्या जेवणाचं वर्णन आहे. अधिकाऱ्यांच्या टेबलाशी तो सगळ्यांच्या आधी हजर असे, पण सगळ्यांना वाढून होईपर्यंत तोंडातून आवाज काढत नसे. मग एकेकाकडे हळू म्याव करून त्याच्या ताटातला लहानसा वाटा मागे. पूर्ण पान मागण्याइतका तो उद्धट नव्हता. कुणी गप्पांच्या नादात दिलंच नाही, तर काट्यावरून तोंडाकडे निघालेला घास तो पंजानं वाटेतच उतरवून घेई, आणि तेही इतक्या ऐटीत, की रागवायची सोय राहत नसे. खारवलेलं मांस आणि दगडासारखी बिस्किटं यांवर जगणाऱ्या त्या जहाजावर प्रत्येकाचा शिधा तोलून मिळे. न तोललेलं खाणारा तो एकटाच.

फ्लिंडर्सचं जहाज खडकावर फुटलं, पुढे मॉरिशसला फ्रेंचांनी त्याला सहा वर्षांहून अधिक काळ अडकवून ठेवलं. याच मॉरिशसला पुढे आपली मराठी माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला गेली. तिथं १८०४ मध्ये ट्रिम नाहीसा झाला. कुणा भुकेल्यानं त्याला खाल्लं असावं, असा फ्लिंडर्सचा तर्क. ज्याच्या जेवणाच्या रीतीवर त्यानं इतक्या मायेनं लिहिलं, तोच कुणाचं तरी जेवण झाला. सिडनीच्या मिचेल लायब्ररीबाहेर फ्लिंडर्सचा पुतळा आहे आणि त्याच्या पाठीमागे, खिडकीच्या कट्ट्यावर, १९९६ पासून काशाचा ट्रिम उभा आहे. मी पाहिला तेव्हा त्याच्या पायाशी कुणाच्या तरी सँडविचचा तुकडा होता. तो वाऱ्यानं आला असेल, पण मला तसं मानायचं नाही.

ट्रिमला आग्रह करावा लागला नाही. आमचं सगळं संगोपनच आग्रहाचं. पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानावर जिलबी वाढायची, त्यानं हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून सोडायची; जेवढं ऐकलं नाही तेवढं प्रेम. दामोदरपुढे यातली निम्मी विद्या फुकट जाते, कारण मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव घेणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात मोडून पडलेलं आहे, घरातल्या माऊपासून वाघापर्यंत. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. दिवाळीत फराळाचं ताट खाली ठेवलं, तर दामोदर लाडवाला दगडासारखा ओलांडून जातो. मात्र जे कळतं, ते तो मागतो, सारखं मागतो, आणि नेमकं तेच द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाई सांगतात. आमच्यासारख्यांना ही फारच अवघड जागा आहे. नको म्हणणाऱ्याला वाढण्यात आमच्या पिढ्या गेल्या. हवं म्हणणाऱ्याला नाही म्हणण्याचा सराव आम्हाला कुणी दिलाच नाही.

कुणी नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. बाबांना मधुमेह निघाला तेव्हा आईनं एक स्टीलची वाटी बाजूला काढली होती. तोवर तिच्या पंगतीतून कुणी कमरेचा पट्टा न सैलावता उठलं नव्हतं. त्या दिवसापासून ती बाबांचा भात त्या वाटीत दाबून भरी, वरचा डोंगर उलथन्याच्या पात्यानं सपाट करी, आणि वाटी पानात उपडी करी. बाबा मागत नसत. भात संपला, की आधी पातेल्याकडे पाहत, मग आईकडे. आईला त्या वेळी हमखास खिडकीबाहेरच्या दोरीवरचे कपडे आठवत. वर्षानुवर्षं रोज दोनदा तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाबा गेल्यावर ती वाटी तिनं मिसळणाच्या डब्यात हळदीसाठी घातली, आणि मीही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई इथं आली, तेव्हा आम्हा दोघांना भीती होती ती दामोदरच्या पानाची. नवऱ्यानं तिला तराजू दाखवला, फाइल दाखवली, चाळीस ग्रॅम म्हणजे किती ते दाखवलं. ती शांतपणे ऐकून घेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून आले तर ओट्यावर तराजू चालू, वाटीत दाणे, आणि आई सुरीच्या पाठीनं ते सारखे करत होती. आकडा चाळीसवर आला, एक दाणा तिनं काढला, पुन्हा घातला. पायाशी दामोदर. त्यानं आधी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आई खिडकीतून शेजाऱ्यांच्या लिंबाकडे बघू लागली.

माप तिला शिकवावं लागलंच नाही. संध्याकाळी मात्र आमच्यासाठी शिजवलेल्या फ्लॅटहेड माशाचा एक तुकडा, मसाल्याआधी बाजूला काढलेला, काटे तपासून, फुंकर घालून, तिनं त्याच्या वाटीच्या कडेला ठेवला.

"आई, हे आजच्या हिशेबात नाही," नवरा म्हणाला.

"हिशेबातलं मी सकाळीच घातलंय की."

"मग हे?"

"हा आग्रह."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि माझा नवरा समंजस माणूस आहे. त्यानं लॅपटॉप उघडला, 'सुकं' आणि 'ओलं' यांच्यापुढे एक नवा रकाना घातला, त्याला नाव दिलं आणि आईला विचारलं, की साधारण किती ग्रॅम असेल. आईनं चिमूट करून दाखवली. तेवढा मासा तराजूवर सहा ग्रॅम भरला, म्हणजे साधारण सहा किलोकॅलरी. त्यानं रात्रीच्या दाण्यांतले सहा दाणे मोजून परत डब्यात टाकले. आईनं ते नीट पाहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिची चिमूट जरा मोठी झाली.